डाव्या विंगेतलं स्टूल

नाही, वहीला हात नका लावू अजून. आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय हलतो – ही घ्या, हां. मी जरा या गोळ्या भरत बसते, आठवड्याच्या. बघा, रोजचे तीन-तीन खण आहेत या डबीला. बोलत बोलत भरते मी, माझं लक्ष असतं. तर आता मला एक सांगा – छापील पुस्तक मिळतं ना नाटकाचं? मिळतं. कुठल्याही वाचनालयात मिळतं, आठ आवृत्त्या निघाल्यात. मग सिनेमा लिहायला माझी वही कशाला लागते तुम्हाला? तिच्यात आहे काय – तेच शब्द, वर माझी पेन्सिल, चहाचे डाग, आणि दोन पानं झुरळांनी खाल्लेली. बरं, ते एक. दुसरं असं की मी औषधं आणायला खाली गेले, वीस मिनिटं, फार तर पंचवीस, आणि नेमक्या तेवढ्यात तुम्ही आलात. योगायोग म्हणायचा. मी येते तर दार नुसतं लोटलेलं, तुम्ही यांच्या पलंगाशी बसलेल्या, आणि हे बोलत होते – चांगले लांबलचक बोलत होते, जिन्यात आवाज येत होता मला – आणि मी आत पाऊल टाकलं तसे गप्प. तुम्हीही गप्प. नवरा आणि परकं माणूस असे एकदम गप्प झाले की बायकोला बरं वाटत नाही हो, मग नवरा एकोणऐंशी वर्षांचा का असेना.

काय? "मला फक्त –" पुढं? "मला फक्त एकच गोष्ट विचारायची होती." असंच ना? राग नका मानू, खोड आहे ही. पस्तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय मी. समोरचा अडखळला की माझे ओठ आपोआप हलतात. परवा डॉक्टर गोळीचं नाव आठवायला थांबले, मी सांगून टाकलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. आणि यांना तर आता रोजच द्यावे लागतात शब्द. सकाळी कपाकडे बोट दाखवून नुसते "ते, ते" करत होते. दूध, मी म्हटलं. दूध, ते म्हणाले. असं चाललंय आमचं. तेव्हा तुमच्याशी जे काही लांबलचक बोलले असतील ना, ते फार मनावर घेऊ नका. काय बोलले, तेही विचारत नाही मी. विचारू? नको, राहू दे.

पण एक विचारतेच. तुम्ही मघाशी आतून बाहेर येताच म्हणालात, "मला शहाऐंशीवं पान बघायचंय." शहाऐंशी कुठून काढलंत? छापील पुस्तकात ती जागा एकशे बाराव्या पानावर आहे. शहाऐंशी फक्त या वहीत. आणि ही वही कुणी बघितलेली नाही, मी तिला कपाटात चादरींच्या खाली ठेवते. मग? ऑर्गनवाल्या काकांनी सांगितलं असणार. तेच. त्यांना बसायला जागा माझ्या समोरच असायची, खाली खड्ड्यात, मान वर केली की माझी वही दिसायची. त्यांचं आणि माझं कधी पटलं नाही. ऑर्गन बरा वाजवायचे, पण नजर बोटांवर कमी आणि दुसऱ्यांच्या भानगडींवर जास्त. नाही म्हणता? नाही तर नाही. मान हलवू नका नुसती, मला नुसत्या माना हलवलेल्या कळत नाहीत.

हे बघा, तुम्ही पोरगी दिसता सरळ, पण तुमच्या आधी तिघं येऊन गेलेत. निर्माता आला, फळांची टोपली घेऊन – एवढी मोठी टोपली की यांना वाटलं कुणीतरी गेलंय. म्हणाला, काकू, तुमचं नाटक म्हणजे आपल्या सगळ्यांच्या श्रद्धेचा ठेवा, पडद्यावर आणायचाय. बरं म्हटलं, आणा. मग हळूच म्हणाला, पदं एकतीस आहेत, ती आपण सहावर आणू. सहा! एकतीस दिवे लावायचे आणि पंचवीस फुंकून टाकायचे. मग दिग्दर्शक आला. काळा चष्मा घरातसुद्धा काढला नाही त्यानं. त्याला ती शांतता हवी होती, तिसऱ्या अंकात हे न बोलता उभे राहायचे ती, पण ती त्याला भरून हवी होती – चाळीस माणसांचा कोरस, व्हायोलिनं, वरून प्रकाशाचा झोत. म्हणे, पडद्यावर एवढी शांतता चालत नाही, प्रेक्षकाला वाटतं मशीन बिघडलं. आणि तिसरा आला लेखकाचा पुतण्या. तो तर म्हणतो ती शांतता आमच्या काकांनीच लिहिली, तसं पडद्यावर नाव आलं पाहिजे. काकांनी! काका तर नाटकाला येऊन वाक्यं मोजायचे, एक गाळलं तर आठ दिवस बोलायचे नाहीत. तो माणूस शांतता लिहील?

तुम्ही नाटक बघितलेलं नाही ना? कसं बघाल, बंद होऊन नऊ वर्षं झाली. तर गोष्ट अशी की एक माणूस असतो, गावात दिवे लावण्याचं काम करणारा. संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन निघायचा आणि रस्त्यातले दिवे लावत जायचा. त्याला एकदा देवाचा आवाज ऐकू येतो – तुरुंगाच्या गल्लीत दिवा का नाही? मग तो तिथंही लावतो. कुष्ठरोग्यांच्या दारात लावतो, फाशीच्या माळावर लावतो, राजाचं तेल संपवून टाकतो. राजा त्याला धरून आणतो. तिसरा अंक, भर दरबार. राजा म्हणतो, कुठं आहे तुझा देव? दाखव मला. आणि मग, पुस्तकाप्रमाणे, यांचं अकरा वाक्यांचं भाषण, आणि मग शेवटचं पद, आणि पडदा. लोक मला चिडवायचे, तुमच्या नवऱ्यानं आयुष्यात काय दिवे लावले? मी म्हणायचे, प्रयोगाला तेवीस, मोजून घ्या.

यांना पाठांतर नव्हतं. गळा असा की पहिल्याच सुराला थिएटर गार, पण पाठांतर शून्य. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मला डाव्या विंगेत स्टुलावर बसवलं, मांडीवर वही दिली, वर चिमणीएवढा दिवा, आणि म्हणाले, मी तुझ्याकडे बघितलं की पहिले दोन शब्द द्यायचे, हळू, ओठांनी. तेव्हापासून पस्तीस वर्षं. मला त्यांचा चेहरा एका बाजूनंच माहीत आहे म्हटलं तरी चालेल. ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे – हिच्याशिवाय मला एक वाक्य येत नाही. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. दोनदा ताप अंगात असताना बसले, एकदा सातव्या महिन्यात बसले, पाय सुजलेले, बादलीत पाय सोडून. कारण दुसरं कोण देणार? ओठ कुठं हलवायचे, किती हलवायचे, हे काय कुणाला सांगून येतं?

आणि त्या अकरा वाक्यांना तर प्रत्येक प्रयोगात बघायचे माझ्याकडे. प्रत्येक. न चुकता. "महाराज, आपण" – एवढे दोन शब्द दिले की मग पुढं धडाधड.

काय म्हणता – तेच तर अडतंय? कसं अडतंय? ... हां. हां, समजलं. म्हणजे सिनेमात माणूस कुठंतरी बघतो म्हटलं की पुढच्या तुकड्यात तो काय बघतो ते दाखवावं लागतं. नाटकात काय, नट विंगेत बघतो, प्रेक्षकाला वाटतं आभाळात बघतोय. पण कॅमेऱ्याला आभाळ चालत नाही. राजा विचारतो देव कुठंय, हा बोलत नाही, हा मान वळवतो डावीकडे – आणि मग डावीकडे काय? ते लिहायचंय तुम्हाला. आणि दिग्दर्शकाला तिथं देव उभा करायचाय झोतात, आणि तुम्हाला तो पटत नाही. बरं. प्रश्न बरोबर आहे तुमचा. इतका बरोबर आहे की मला आवडला नाही.

तुम्हाला जे सगळे सांगतात तेच मी सांगते, लिहून घ्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, रविवारचा दुपारचा प्रयोग, हाउसफुल. राजानं विचारलं देव कुठं आहे, आणि यांना वाक्य येईना. डावीकडे बघितलं, आणि शब्द येईना. अख्खं थिएटर बघतंय. आणि मग लोक रडायला लागले – वरच्या बाल्कनीत एक बाई हुंदका देऊन रडली, मग खाली कुणीतरी, मग सगळेच. अडुसष्ट सेकंद मोजले मी. आणि मग ऑर्गनवाल्या काकांना वाटलं आपलीच काहीतरी चूक झाली, त्यांनी घाबरून शेवटच्या पदाचा सूर धरला आणि हे गायला लागले. त्या दिवशीसारखे ते आधी कधी गायले नव्हते, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरात आलं. तेव्हापासून अकरा वाक्यं गेली आणि शांतता राहिली. लेखक चिडले, पण तिकिटबारीवर रांगा बघून गप्प बसले. आणि यांनी दारू सोडली. त्याच दिवशी. पहाटे उठून प्रार्थना करायला लागले, अजून करतात, शब्द विसरतात तरी करतात. जो येईल त्याला सांगतात – देवानं माझी जीभ धरली, आणि देव माझ्या डाव्या हाताला होता. डाव्या हाताला. मी मनात म्हणते, डाव्या हाताला तर मी असते, स्टूल, दिवा, पाण्याचा तांब्या, दोरखंडाची गुंडाळी – देवाला उभं राहायला जागा कुठं होती? पण तोंडानं म्हणत नाही. भक्ताच्या तोंडी लागू नये.

आता झालं? लिहिलंत? मग हे एवढं पुरे आहे सिनेमाला.

... मी काय करत होते म्हणजे? मी वही धरून बसले होते. शब्द दिला मी. त्यांना दिसला नसेल. गर्दीच्या प्रयोगाला होतं असं. ... नाही, म्हणजे दिवा गेला होता माझा. बल्ब गेला. अंधारात ओठ कसे दिसणार? ... ऑर्गनवाले काका म्हणाले दिवा चालू होता? बघा, म्हणजे गेला होतात तुम्ही त्यांच्याकडे. मघाशी नाही म्हणालात. ... शहाऐंशीचं नाही, दिव्याचं विचारायला गेला होतात. म्हणजे माझ्याकडे यायच्या आधी माझी चौकशी करून आलात. अगं, पोलिसांत का नाही गेलीस तू, सिनेमात कशाला आलीस?

थांब. ही गोळी अर्धी करायची असते, हात हलला की तिचा चुरा होतो. ... झाला चुरा.

आत्ता आत झोपलेत का बघून ये जरा. पडदा बाजूला कर नुसता. ... डोळे मिटलेत? बरं. हळू बोल मग. आणि ते पेन खाली ठेव. ठेव म्हणते ना.

त्या दिवशी मध्यंतरात यांच्या कोटाचं बटण तुटलं. तिसऱ्या अंकाला तो कोट लागतो. बटणं, काजं, हुक, सगळं माझ्याकडेच होतं, प्रॉम्प्टर म्हणजे नाटक कंपनीत काय, जे काम कुणाचं नाही ते तिचं. मी सुई-दोरा घेतला आणि कोट मांडीवर घेतला, तर आतल्या खिशात कागद लागला. तिकीटबुकाचं मागचं पान, चार घड्या. मॅनेजरचं अक्षर. "बाईंच्या आई सकाळी गेल्या. लगेच निघा. फोन अकरा वाजता." अकरा. प्रयोग तीनचा. माझ्या गावाला जाणारी गाडी एकची, दुसरी थेट रात्रीची. एकच्या गाडीनं गेले असते तर पाच वाजता पोचले असते, तोंड बघायला मिळालं असतं. आणि बारा वाजता आम्ही दोघं मागच्या खोलीत समोरासमोर बसून जेवलो होतो. समोरासमोर. त्यांनी मला विचारलं होतं, अजून थोडं वाढू का. आणि खिशात ती चिठ्ठी.

का लपवली ते मला लगेच कळलं. न कळायला काय झालं. मी गेले असते तर प्रयोग पडला असता. दुसरं कोण देणार शब्द? त्यात काही दुष्टपणा नव्हता गं. भित्रेपणा होता. माझ्याशिवाय उभं राहायची भीती. पण माझी आई होती ती. तिनं मला एकटीनं वाढवलं, दुसऱ्यांचे कपडे शिवून – बटण लावायला तिनंच शिकवलं मला, चार वेढे आणि खाली गाठ. मी ते बटण लावलं. चार वेढे, खाली गाठ. चिठ्ठी होती तशी घडी करून खिशात ठेवली. कोट त्यांच्या अंगावर चढवला. तेव्हा बोलले असते तर – नाही बोलले. घंटा झाली होती.

आणि मग तो दरबार. राजानं विचारलं, कुठं आहे तुझा देव? यांनी मान वळवली माझ्याकडे, नेहमीसारखी. आणि मी वही मिटली. दिवा चालू होता, चांगला लख्ख चालू होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि वही मिटली, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले, असे. मनात म्हटलं, आता उभा राहा माझ्याशिवाय. बघू दे लोकांना, तुला काय येतं ते. मला त्यांची फजिती करायची होती. हसावं, शिट्ट्या माराव्या लोकांनी, असं वाटत होतं मला. आणि लोक रडायला लागले. सहाशे माणसं देव दिसल्यासारखी रडत होती, आणि मी स्टुलावर बसून मोजत होते, पस्तीस, छत्तीस, मेलं अजून कुणी हसत कसं नाही.

प्रयोग संपल्यावर ते विंगेत आले, घामानं निथळत, हातात ती चिठ्ठी, आणि म्हणाले – आत्ताच निरोप आलाय. आत्ताच. मी म्हटलं, बरं, निघू या. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आणि त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. एकदाही नाही. वर्षं गेली, मुलगी लग्न होऊन गेली, नाटक बंद झालं, हे पलंगाला लागले, आणि ते सगळ्यांना सांगत राहिले देवानं जीभ धरली, आणि मी चहा आणून ठेवत राहिले. काय सांगणार होते मी? की तुमचा देव म्हणजे तुमच्यावर चिडलेली बायको? त्यांची दारू सुटली त्या अडुसष्टवर. प्रार्थना आली त्यावर. आज त्यांना दूध म्हणजे काय ते आठवत नाही, पण ती दुपार आठवते. तेवढंच उरलंय त्यांच्यापाशी. ते मी काढून घेऊ? तुम्ही सिनेमात दाखवणार, विंगेत एक बाई, मांडीवर मिटलेली वही – आणि निर्माता टीव्ही घेऊन येणार इथं, पलंगासमोर लावणार, बघा आजोबा तुमची गोष्ट. हा माणूस कोसळेल, पोरी. मग मी काय करू त्याचं? म्हणून सांगते, झोत तर झोत, कोरस तर कोरस, उभा करा तिथं देव, पांढरे कपडे घालून उभा करा. माझी काही हरकत नाही. फक्त माझ्या स्टुलाकडे कॅमेरा नको.

आणि मला आता सरळ सांग, शहाऐंशी तुला कुणी सांगितलं. तिथं पेन्सिलीनं "थांबा" लिहिलंय आणि त्याखाली आईच्या जाण्याची तारीख आहे, ती बघून तू नेमकी बेरीज करणार हे कुणाला तरी ठाऊक होतं. काका नाहीत म्हणतेस. मॅनेजर जाऊन बारा वर्षं झाली. पुतण्याला तर वहीचा रंग माहीत नाही. मग उरलं कोण? अशी बघू नकोस माझ्याकडे. बोल. "मला –" हं? "मला –"

...

आत कुठं बोट दाखवतेस.

नाही. त्यांना नाही आठवणार. त्यांना आज वार कुठला ते आठवत नाही. ... काय म्हणाले? "कपाटात चादरींच्या खाली, शहाऐंशीवं पान." चादरींच्या खाली. म्हणजे उघडून बघितलीय. कधी बघितली? ... बरं. बरं, आणखी काय? सगळं सांग आता, गाळू नकोस.

वही मिटलेली दिसली. हो, दिसणारच की. समोरच तर होते. मी एवढी वर्षं – समोरच तर होते ते, डोळ्यांत बघत होते माझ्या, मग मला कसं वाटलं की त्यांना दिसली नाही? ... "तेव्हाच समजलं, तिनं चिठ्ठी वाचली." चिठ्ठीचं पण सांगितलं तुला? तुला, आज पहिल्यांदा भेटलेल्या मुलीला. आणि मी आत आले तसे गप्प. ... मी कधीतरी विचारीन म्हणून ते थांबले होते. अस्सं. आणि मी थांबले होते, ते कधीतरी सांगतील म्हणून. पस्तीस वर्षं नाटकात काढली दोघांनी, आणि एकमेकांच्या क्यूची वाट बघत म्हातारे झालो.

मग मला एक कळत नाही. त्यांना सगळं दिसलं, समजलं, तर मग ते सांगायचे काय लोकांना, देवानं जीभ धरली? खोटं? ... डाव्या हाताला. हो, ते ठाऊक आहे मला, डाव्या हाताला. सांग पुढं.

... काय म्हणून दाखवलं? मघाशी? मी खाली गेले होते तेव्हा? जिन्यात ऐकू येत होतं ते – ते भाषण होतं? "महाराज, आपण" पासून? अकराच्या अकरा? न अडखळता? तू पुस्तक उघडून ताडून बघितलंस? एक शब्द चुकला नाही.

त्यांना पाठ होतं.

म्हणजे त्या दिवशीही पाठ होतं. बोलता आलं असतं. मी वही मिटली काय, उघडी ठेवली काय, धडाधड बोलता आलं असतं, आणि बोलले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले. मी समजत होते मी त्यांना उभं केलंय सहाशे माणसांत, आणि ते आपल्या पायानं उभे होते. अडुसष्ट. आणि मी मोजत होते मेली.

थांब, थांब, एक मिनिट. पाठ होतं तर कधीपासून? ... "पहिल्या वर्षापासून." असं म्हणाले? पहिल्या वर्षापासून. मग सोळा वर्षं प्रत्येक प्रयोगाला त्या जागी ते डावीकडे कशाला बघायचे? शब्द नको होते तर कशाला बघायचे? मी द्यायचे बिचारी, दरवेळी, "महाराज, आपण", आणि ते मान हलवायचे, मिळाले म्हणून. काय हवं असायचं त्यांना तिथं? ... नाही, तू नको सांगूस. तुला सांगितलं असेल तरी नको सांगूस.

हाक मारतायत. ऐकलंस? "ते, ते" चाललंय. काहीतरी हवंय आणि नाव सापडत नाहीये. आले हो.

तुम्ही निघा आता. चहा राहिलाच तुमचा, राहू दे. नाही, वही घेऊन जा, न्या, मला नकोय ती आत जाताना. डावीकडे काय दाखवायचं ते मी त्यांना विचारून कळवते. थांबू नका तुम्ही, आम्हाला वेळ लागेल. दार नुसतं ओढून घ्या, कडी मी मागून लावीन.